पाठलाग, जोडीदाराचा छळ आणि लैंगिक हिंसा : गुन्हेगाराच्या मानसिकतेचा अभ्यास

सारांश

स्त्रियांवरील हिंसेची चर्चा बहुधा पीडितेभोवती केंद्रित होते. ती कोठे गेली होती, कोणाशी बोलली, गप्प का राहिली, हे प्रश्न आधी विचारले जातात. हिंसा करणारा पुरुष काय विचार करतो, स्वतःच्या कृत्याचे समर्थन कसे करतो आणि त्याची पुढची पायरी कोणती असू शकते, याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. प्रस्तुत लेखात पाठलाग, जोडीदाराचा छळ व लैंगिक हिंसा या तीन प्रकारच्या गुन्ह्यांमागील मानसिकतेची मांडणी महाराष्ट्रातील घटनांच्या आधारे केली आहे. ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापकांना या ज्ञानाचा उपयोग कसा होऊ शकतो, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : पाठलाग, हक्कबुद्धी, समर्थनतंत्रे, नियंत्रण, पुनरपराध, महाविद्यालयीन प्रतिबंध.

प्रस्तावना

दि. ३ फेब्रुवारी २०२० रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेवर महाविद्यालयाकडे जात असताना पेट्रोल टाकून तिला पेटवून देण्यात आले. सात दिवसांनी, १० फेब्रुवारी रोजी, तिचा नागपूर येथे मृत्यू झाला. हल्लेखोर अनोळखी नव्हता. तो तिच्याच गावचा होता आणि तिने त्याला नकार दिला होता. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, हिंगणघाटच्या न्यायालयाने त्यास जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्यापूर्वी तीस वर्षे, मार्च १९९० मध्ये, उल्हासनगर येथे दहावीची परीक्षा देत असलेल्या विद्यार्थिनीला परीक्षा केंद्रातच जाळण्यात आले होते. या दोन्ही घटनांचे वर्णन वृत्तपत्रांनी 'एकतर्फी प्रेमातून' या शब्दांनी केले. तीस वर्षांत परीक्षा पद्धती बदलली, दूरध्वनीची जागा मोबाईलने घेतली, कायदे बदलले; परंतु हा शब्दप्रयोग मात्र बदलला नाही.

'एकतर्फी प्रेम' या शब्दांत एक स्पष्टीकरण दडलेले आहे. गुन्हा प्रेमातून घडला, ते प्रेम अपुरे राहिले म्हणून घडला, असे ते स्पष्टीकरण सुचविते. दुसरीकडे अशा प्रत्येक घटनेनंतर गुन्हेगारास 'नराधम' वा 'विकृत' म्हटले जाते. पहिल्या शब्दाने गुन्हेगार प्रेमी ठरतो, तर दुसऱ्याने तो माणसांच्या जगाबाहेरचा प्राणी ठरतो. गेल्या पाच दशकांतील मानसशास्त्रीय संशोधन या दोन्ही प्रतिमांना पुष्टी देत नाही.

पुरुषाच्या वर्तनाकडेच प्रश्न वळविण्याची परंपरा मराठीस नवी नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून तेच केले होते. मानसशास्त्राने हे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पद्धतशीरपणे हाती घेतले.

संकल्पना व कायदेशीर चौकट

पाठलाग म्हणजे केवळ रस्त्याने मागे चालणे नव्हे. समोरच्या व्यक्तीची इच्छा नसताना तिच्याशी पुनःपुन्हा संपर्क साधणे, तिच्यावर पाळत ठेवणे, तिच्या मोबाईल वा इंटरनेट वापरावर नजर ठेवणे आणि त्यातून तिच्या मनात भीती निर्माण करणे, असे हे वर्तन आहे. एकेक कृती सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटते. बसथांब्यावर उभे राहणे हा गुन्हा नाही. रोज त्याच मुलीसाठी त्याच थांब्यावर उभे राहणे, तिने स्पष्ट नकार दिल्यानंतरही तिच्याशी बोलण्याचा प्रयत्न करणे, हा गुन्हा आहे. पाठलागाची ओळख त्याच्या सातत्यावरून पटते.

भारतीय कायद्याने हे फार उशिरा ओळखले. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड समाविष्ट होऊन पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरच्या दोषसिद्धीस पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असून पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र आहे.

पती वा त्याच्या नातेवाइकांकडून होणारी क्रूरता १९८३ मध्ये कलम ४९८-अ द्वारे गुन्हा ठरली. आता ती न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याने शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळही हिंसेच्या व्याख्येत आणला. वर्मा समितीने वैवाहिक बलात्काराचा अपवाद रद्द करण्याची शिफारस केली होती. तथापि न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अठरा वर्षांवरील पत्नीबाबतचा तो अपवाद कायम ठेवण्यात आला आहे.

पाठलाग करणाऱ्याची मानसिकता

ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ पॉल मलेन, मिशेल पाथे व रोझमेरी पर्सेल यांनी १९९९ मध्ये १४५ पाठलाग करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी हेतू व पूर्वसंबंध यांच्या आधारे पाच प्रकार मांडले.

१) नाकारलेला : हा बहुधा पूर्वीचा पती, प्रियकर वा निकटचा परिचित असतो. संबंध तुटल्याचे त्याला मान्य नसते. समेट आणि सूड या दोन इच्छांमध्ये तो हेलकावत राहतो. सकाळी क्षमायाचना व सायंकाळी धमकी, असे त्याचे वर्तन असू शकते. या अभ्यासात हाच गट सर्वांत मोठा होता.

२) जवळीक शोधणारा : समोरच्या व्यक्तीचे आपल्यावर प्रेम आहेच, अशी त्याची ठाम समजूत असते. काहींमध्ये ती भ्रमाच्या पातळीवर जाते. अशा व्यक्तीवर तंबीचा वा न्यायालयीन आदेशाचा परिणाम होत नाही. तिला मनोविकारतज्ज्ञाच्या उपचारांची गरज असते.

३) अकुशल : परिचय कसा करून घ्यावा, नकार कसा ओळखावा, हे त्याला उमगत नाही, परंतु मैत्रीवर आपला हक्क आहे, असे तो मानतो. कडक समज मिळाल्यास तो थांबतो. मात्र पुढे दुसऱ्या मुलीबाबत तेच करण्याची शक्यता असते.

४) आकसयुक्त : आपल्यावर अन्याय झाला आहे, या भावनेतून तो समोरच्यास भयभीत करू पाहतो. पीडित स्त्री भयभीत झाल्याचे पाहून त्याला सामर्थ्याचा अनुभव येतो.

५) शिकारी वृत्तीचा : लैंगिक हल्ल्याची पूर्वतयारी म्हणून तो माहिती गोळा करतो. हे प्रमाणाने थोडे असतात. तथापि ते धोकादायक असून पुष्कळदा शेवटपर्यंत लक्षातही येत नाहीत.

या वर्गीकरणाचे महत्त्व व्यावहारिक आहे. 'पोलिसांनी बोलावून समज दिली' हा एकच उपाय पाचही प्रकारांना सारखा लागू पडत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

नकार मिळूनही माणूस थांबत का नाही, याचे उत्तर विल्यम कुपाक व ब्रायन स्पिट्झबर्ग यांनी दिले आहे. त्यांच्या मते सामान्य माणूस एखादे उद्दिष्ट अप्राप्य वाटू लागले की ते सोडतो. पाठलाग करणारा मात्र त्या व्यक्तीच्या प्राप्तीला आपले सुख, प्रतिष्ठा आणि आत्मसन्मान यांच्याशी जोडतो. 'ती मिळाली नाही तर मी कोणीच नाही' असे समीकरण त्याच्या मनात तयार होते. मग तोच विचार दिवसरात्र घोळतो, भावना अनावर होतात आणि तिच्या नकाराचा अर्थ तो आपल्या सोयीने लावतो. ती रागावली तर 'तिला काहीतरी वाटते', ती गप्प राहिली तर 'तिची हरकत नाही', आणि तिने घरी सांगितले तर 'घरच्यांच्या दबावाखाली आहे'. कोणतेही उत्तर त्याला नकार म्हणून ऐकू येत नाही. चिकाटीने मन जिंकणाऱ्या नायकाचे चित्र चित्रपटांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगविले असल्याने या विपर्यासास समाजाची मान्यताही लाभते.

येथे प्रबलनाचा एक साधा नियम लक्षात घ्यावा लागतो. वीस वेळा फोन न उचलता एकविसाव्या वेळी 'आता तरी त्रास देऊ नको' एवढे सांगण्यासाठी जरी तो उचलला, तरी त्यातून एकवीस वेळा फोन केला की उत्तर मिळते, हाच धडा मिळतो. म्हणूनच एकदा स्पष्ट नकार, त्यानंतर संपर्क पूर्णतः बंद आणि सर्व पुराव्यांची नोंद, हा सल्ला दिला जातो.

मे २०१३ मध्ये मुंबईच्या वांद्रे टर्मिनसवर नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होण्यासाठी आलेल्या तरुणीवर आम्लहल्ला झाला व जूनमध्ये तिचा मृत्यू झाला. दोषी ठरलेला तरुण तिच्या दिल्लीतील घराशेजारचा होता. तिने नाकारलेला प्रस्ताव आणि तिला मिळालेल्या नोकरीचा मत्सर, असा हेतू अभियोग पक्षाने मांडला. २०१६ मध्ये त्यास फाशीची शिक्षा झाली व २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत परिवर्तित केली. नाकारलेपण व आकस येथे एकत्र आलेले दिसतात. शिकणारी, कमावणारी स्त्री आपल्या पुढे जात आहे, ही जाणीवच काही पुरुषांना अपमानासारखी वाटते.

जोडीदाराचा छळ करणाऱ्याची मानसिकता

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते. म्हणजे चार घरांमागे एक घर. एवढ्या मोठ्या संख्येतील पुरुषांना मनोरुग्ण म्हणता येणार नाही.

लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये हिंसेचे चक्र मांडले. प्रथम ताण वाढत जातो, मग मारहाण होते आणि नंतर पश्चात्तापाचा काळ येतो. तो साडी आणतो, मुलांची शपथ घेतो, पुन्हा असे होणार नाही म्हणतो. प्रत्येक घरात तिन्ही टप्पे दिसतातच असे नाही. परंतु स्त्री पुनःपुन्हा परत का जाते, हे त्यावरून काही अंशी समजते. ती परतते तेव्हा तिच्यासमोर त्या तिसऱ्या टप्प्यातील पती असतो.

एमी होल्ट्झवर्थ-मन्रो व ग्रेगरी स्टुअर्ट यांनी १९९४ मध्ये छळ करणाऱ्या पतींचे तीन गट सांगितले. पहिला गट घरापुरताच हिंसक असतो व बाहेर सभ्य म्हणून ओळखला जातो. दुसरा गट भावनिकदृष्ट्या अस्थिर असतो. पत्नी सोडून जाईल या भीतीतून संशय, मत्सर व हिंसा उद्भवते. तिसरा गट घरीदारी सर्वत्र हिंसक असून त्यात समाजविघातक प्रवृत्ती आढळते. पहिल्या गटाकडे महाविद्यालयीन वर्गाने विशेष लक्ष द्यावे, कारण 'एवढा सज्जन माणूस असे करणे शक्य नाही' हे वाक्य त्याच्याच बाबतीत उच्चारले जाते.

मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये आणखी एक भेद दाखविला. भांडणाच्या भरात कधीतरी हात उठणे आणि पत्नीच्या संपूर्ण आयुष्यावर ताबा मिळविण्यासाठी पद्धतशीर दहशत निर्माण करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये दुसऱ्या प्रकाराचे सविस्तर विवेचन केले. पैसा, फोन, माहेरचा संपर्क, पोशाख आणि जाण्यायेण्याच्या वेळा यांवरील नियंत्रण हे त्याचे साधन असते. मारहाण क्वचितच झाली, तरी भीती कायम राहते.

या नियंत्रणाला स्थानिक अर्थव्यवस्थेचीही साथ मिळते. धाराशिव व शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर हे याचे उदाहरण आहे. पती-पत्नीची जोडी मिळून एक 'कोयता' मानली जाते व मुकादमाकडून उचल त्या जोडीवर घेतली जाते. उचल पुरुषाच्या हाती पडते. ती फेडण्याचे श्रम दोघांचे असतात. फडावरून मधूनच माहेरी निघून गेलेली स्त्री केवळ पतीला सोडत नाही, तर कोयता मोडते. अशा वेळी 'ती निघून का गेली नाही' हा प्रश्न तिला विचारण्यापूर्वी तिचे जाणे कोणत्या हिशेबात अडकले आहे, हे पाहावे लागते.

विभक्त होण्याचा काळ सर्वाधिक धोक्याचा असतो, हे जॅकलिन कॅम्पबेल व सहकाऱ्यांच्या २००३ मधील अमेरिकन अभ्यासातून पुढे आले. नियंत्रक जोडीदारापासून वेगळे होणे, ठार मारण्याची धमकी आणि हाताशी शस्त्र असणे ही हत्येपूर्वीची गंभीर चिन्हे आढळली. ज्युडिथ मॅकफार्लेन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले की, जोडीदाराने ठार केलेल्या स्त्रियांपैकी ७६ टक्के स्त्रियांचा मृत्यूपूर्वीच्या वर्षभरात त्याने पाठलाग केला होता. पाठलाग आणि जोडीदाराचा छळ हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे या आकड्यावरून दिसते.

लैंगिक हिंसा करणाऱ्याची मानसिकता

बलात्कार अनावर वासनेतून घडतो, ही सर्वांत रूढ समजूत आहे. निकोलस ग्रॉथ यांनी १९७९ मध्ये शिक्षा झालेल्या गुन्हेगारांच्या अभ्यासातून ती खोडून काढली. त्यांच्या मते सत्ता गाजविणे, राग व्यक्त करणे आणि क्वचित प्रसंगी पीडेतून आनंद मिळविणे, हे मुख्य हेतू असतात. लैंगिक क्रिया हे त्यांचे माध्यम असते. पुढील संशोधकांनी लैंगिक हेतू पूर्णतः वगळणे चुकीचे ठरविले. नील मॅलमुथ यांच्या १९९१ मधील प्रतिमानानुसार दोन प्रवाह एकत्र येतात : स्त्रियांविषयी वैरभाव असलेली पुरुषत्वाची कल्पना आणि जिव्हाळ्याविना लैंगिक संबंधांकडे पाहण्याची वृत्ती. दोन्ही प्रवाह मिळतात तेथे धोका वाढतो.

मार्था बर्ट यांनी १९८० मध्ये 'बलात्काराविषयीच्या मिथ्या समजुती' मोजण्याची पद्धत विकसित केली. 'प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणजे संमती होती', 'चांगल्या घरातील स्त्रीवर असा प्रसंग येत नाही' या त्या समजुती होत. त्या केवळ गुन्हेगारांच्या मनात नसतात. गडचिरोली परिसरातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप होता. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, ही बाब त्यात महत्त्वाची मानली गेली. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासक-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीपोटी आलेली शरणागती आणि संमती यांतील फरक त्यांनी दाखवून दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. त्या परिवर्तनाची सुरुवात चार शिक्षकांच्या लेखणीतून झाली होती, हे येथे आवर्जून नोंदवावेसे आहे.

गुन्हेगार अनोळखी असतो, हीदेखील मिथ्या समजूतच होय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार नोंदविलेल्या बलात्कारांपैकी दहामागे नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचे वचन देणारा असे त्याचे रूप असते.

अनोळखी टोळीने केलेल्या गुन्ह्यांतही मानसिक प्रक्रिया समजण्याजोगी असते. मुंबईतील शक्ती मिल परिसरात २२ ऑगस्ट २०१३ रोजी एका छायाचित्र-पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. तिने तक्रार केल्यानंतर दुसरी तरुणी पुढे आली. तिच्यावर त्याच ठिकाणी ३१ जुलै रोजी अत्याचार झाला होता व दोन्ही गुन्ह्यांत काही आरोपी समान होते. गटात जबाबदारी वाटली जाते, सोबत्यांसमोर मागे हटणे कमीपणाचे वाटते आणि पहिला गुन्हा पचला की दुसऱ्याचे धाडस येते. पीडितेच्या मौनावर गुन्हेगाराचा हिशेब बेतलेला असतो. तिघा आरोपींना २०१४ मध्ये झालेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये आजन्म कारावासात बदलली.

समान धागा : हक्कबुद्धी व समर्थनतंत्रे

तिन्ही प्रकारच्या गुन्हेगारांत स्वभाव, शिक्षण व आर्थिक स्तर यांबाबत मोठी भिन्नता असते. समान आढळते ती हक्कबुद्धी. म्हणजे स्त्रीचा वेळ, लक्ष, आज्ञापालन व शरीर यांवर आपला अधिकार आहे, ही धारणा. ही धारणा एकट्या व्यक्तीने निर्माण केलेली नसते. १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेल्या दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई या खटल्यात, बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदण्यास नकार दिला, तेव्हा १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे जा, अन्यथा तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला होता. स्त्रीच्या नकारास किंमत नाही, हे त्या काळी कायदाच सांगत होता. कायदा बदलला, धारणा मात्र घराघरांत रेंगाळत राहिली.

धारणेपासून कृतीपर्यंतचा प्रवास समर्थनतंत्रांच्या आधारे होतो. ग्रेशम साइक्स व डेव्हिड मॅट्झा यांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारांच्या संदर्भात पाच तंत्रे सांगितली. ती येथेही तंतोतंत लागू पडतात. 'माझा तोल गेला, दारू प्यालो होतो' हा जबाबदारीचा नकार. 'एक थप्पड तर मारली' हा हानीचा नकार. 'तिनेच तशी वेळ आणली' हा पीडितेचा नकार. 'पोलीस काय कमी आहेत, तुम्ही मला शिकवता?' हा दोष देणाऱ्यांवरच उलट आरोप. 'घराण्याच्या अब्रूसाठी केले' हा उच्च निष्ठेचा दाखला. महत्त्वाची बाब अशी की, ही वाक्ये गुन्हा झाल्यानंतर नव्हे, तर पुष्कळदा आधीच उच्चारली जातात. वर्गात, कट्ट्यावर, वसतिगृहात ती ऐकू येतात.

कारण की निमित्त?

दारूचा संबंध निर्विवाद आहे. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार ज्यांचे पती वारंवार मद्यधुंद होतात, त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवली. पती दारू पीत नाही अशा स्त्रियांत हे प्रमाण २३ टक्के होते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. दारू धोका अनेक पटींनी वाढविते; आणि दारू नसलेल्या घरांतही हिंसा घडते. दारू संयम कमी करते, लक्ष्य मात्र ती निवडत नाही. पिऊन घरी आलेला माणूस वाटेत मुकादमावर वा सावकारावर हात उचलत नाही. तो पत्नीवर उचलतो. हात कोठे उचलायचा, हे भान त्याला असते.

बालपणी घरातील हिंसा पाहिल्याने जोखीम वाढते, हेही अनेक अभ्यासांत आढळले आहे. परंतु अशा घरांतील बहुसंख्य मुले पुढे हिंसक होत नाहीत. गंभीर मनोविकार अल्पसंख्य गुन्हेगारांत, विशेषतः जवळीक शोधणाऱ्या पाठलागकर्त्यांत, आढळतो. मनोरुग्णांवर सरसकट संशय घेणे त्यांच्यावर अन्याय करणारे व खऱ्या गुन्हेगारास लपविणारे आहे. कारणे समजून घेणे म्हणजे दोषमुक्त करणे नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे.

सुधारणेची शक्यता

कार्ल हॅन्सन व मोनिक ब्यूसिएर यांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. चार ते पाच वर्षांच्या काळात लैंगिक गुन्हेगारांपैकी १३.४ टक्के गुन्हेगारांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याची नोंद आढळली. नोंद न झालेले गुन्हे यात नाहीत. तरीही 'असा माणूस कधीच बदलत नाही' हे विधान त्यामुळे टिकत नाही. फ्रीड्रिश ल्योझेल व मार्टिन श्मुकर यांच्या २००५ मधील विश्लेषणात उपचार घेतलेल्यांत पुनरपराधाचे प्रमाण ११.१ टक्के, तर न घेतलेल्यांत १७.५ टक्के होते. २०१५ मधील अधिक काटेकोर विश्लेषणात हे आकडे अनुक्रमे १०.१ व १३.७ असे आले. फरक मर्यादित आहे, परंतु तो आहे. जोडीदारावर हिंसा करणाऱ्यांच्या कार्यक्रमांचा परिणाम मात्र ज्युलिया बॅबकॉक व सहकाऱ्यांना २००४ मध्ये अल्पच आढळला.

यावरून प्रतिबंधाचे महत्त्व अधिक ठळक होते. महाराष्ट्रात त्या दिशेने काही प्रयत्न झाले आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसमवेत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज' अर्थात 'मावा' या संस्थेने पुरुषांनीच पुरुषांशी या विषयावर बोलावे, हा मार्ग स्वीकारला व महाविद्यालयीन तरुणांमध्ये काम केले. नकार पचविण्याचे शिक्षण हे या कामाचे मर्म म्हणता येईल.

महाविद्यालयाची भूमिका

कळंबसारख्या तालुक्याच्या ठिकाणी आसपासच्या गावांतून अनेक विद्यार्थिनी एस. टी. बसने ये-जा करतात. त्यांची बस, थांबा, तासिकांच्या वेळा ठरलेल्या असतात. पाठलाग करणाऱ्यास हे वेळापत्रक सहज कळते. त्रास सुरू झाल्यावर विद्यार्थिनी घरी सांगण्यास कचरते. कारण घरी कळले तर त्रास देणारा थांबण्यापूर्वी तिचे शिक्षणच थांबेल आणि लग्न ठरविले जाईल, अशी तिला भीती असते. राष्ट्रीय सर्वेक्षणात हिंसा अनुभवलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितल्याचे आढळले, ते यामुळेच समजण्याजोगे आहे. या परिस्थितीत प्राध्यापकांनी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१) पहिल्या तक्रारीस 'दुर्लक्ष कर' असे उत्तर देऊ नये. दिनांक, वेळ, ठिकाण, संदेश यांची नोंद ठेवण्यास सांगावे. पाठलागाचा गुन्हा सातत्याने सिद्ध होतो व सातत्य नोंदीने सिद्ध होते.

२) दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू नये. पाठलाग करणाऱ्यास ती आणखी एक भेट ठरते. माफीनामा लिहून घेतल्याने प्रकरण मिटले, असे मानू नये.

३) मृत्यूची वा आत्महत्येची धमकी, शस्त्र वा ज्वलनशील पदार्थ जवळ बाळगणे, तिचे लग्न वा नोकरी ठरल्यानंतर वाढलेला त्रास, ही धोक्याची चिन्हे समजून पोलिसांना तत्काळ कळवावे. ११२ व १८१ हे क्रमांक प्रत्येक विद्यार्थिनीस ठाऊक असावेत.

४) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार स्थापन करावयाची अंतर्गत तक्रार समिती फलकापुरती राहू नये. आरोपी सहकारी प्राध्यापक असल्यास 'घरापुरता हिंसक, बाहेर सज्जन' हा प्रकार स्मरणात ठेवावा. चारित्र्याच्या प्रमाणपत्रापेक्षा घटनेचा पुरावा महत्त्वाचा असतो.

५) पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. समितीतील चर्चा शिक्षक कक्षात पोहोचू नये.

६) त्रास देणाऱ्या विद्यार्थ्याशीही स्वतंत्रपणे, स्पष्ट शब्दांत बोलावे. त्याच्या समर्थनतंत्रांना दाद न देता परिणामांची जाणीव द्यावी आणि गरज भासल्यास मानसोपचाराची सोय करावी.

जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत एका विद्यार्थिनीवर कोयत्याने होत असलेला हल्ला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या दोन तरुणांनी जिवावर उदार होऊन रोखला. हल्लेखोरही तरुण होता आणि वाचविणारेही तरुणच होते. हिंसा हा पुरुषाचा स्वभावधर्म आहे, या समजुतीस ही घटना पुरेसे उत्तर देते.

समारोप

पाठलाग, जोडीदाराचा छळ आणि लैंगिक हिंसा करणारा पुरुष हा बहुतांशी सर्वसामान्य परिसरात वाढलेला, परिचित व आपल्या कृत्याचे समर्थन जवळ बाळगणारा माणूस असतो. मनोविकार, दारू, बालपणीचे आघात यांनी जोखीम वाढते. परंतु कृत्यास दिशा देते ती हक्कबुद्धी. ती शिकलेली असल्याने तिच्यात बदल घडविता येतो आणि शिक्षणसंस्था हे त्याचे एक स्वाभाविक स्थान आहे. गुन्हा घडण्यापूर्वी त्याच्या पायऱ्या दिसत असतात. वर्गात ऐकू येणारे एखादे वाक्य, थांब्यावर रोज उभी असलेली एखादी दुचाकी, हजेरीपत्रकात एकाच विद्यार्थिनीच्या नावापुढे सलग पडलेल्या अनुपस्थितीच्या खुणा, या त्या पायऱ्या होत. त्या अनुपस्थितीचे कारण विचारण्याचे काम प्रथम शिक्षकाकडेच येते.